जिच्यात काहीच नव्हते ती बरणी

एक होती वृद्ध अध्यापिका आणि एक होती तिची शिष्या. अध्यापिका वयाने थकली होती, शिष्या ऐन तिशीत थकली होती. वयाच्या थकव्यापेक्षा हा दुसरा थकवा वाईट. तो झोप काढून जात नाही.

दोघी एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत. तिथल्या जुन्या इमारतीत मानवी शरीराचे संग्रहालय होते. काचेच्या बरण्यांत फॉर्मलिन नावाचे, डोळ्यांना झोंबणारे औषधी पाणी आणि त्या पाण्यात माणसांचे अवयव. दारूने दगड झालेले यकृत, तंबाखूने खाल्लेला जबडा, विडीने काळे पडलेले फुफ्फुस. एरवी तिथे फक्त विद्यार्थी येत. वर्षातून एक दिवस मात्र अध्यापिका खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी दार उघडी. "ज्यांची शरीरं त्यांनाच दाखवायची नाहीत, तर मग दाखवायची कुणाला?" असे ती म्हणे. महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती आणि संग्रहालयाची किल्ली शिष्येकडे जाणार होती. शिष्येने मनाशी ठरवून टाकले होते, की पुढच्या वर्षापासून बायकांसाठी हे दार बंद.

त्याला कारण होते. ते तिथेच, खिडकीजवळच्या कप्प्यात उभे होते.

गेल्या वर्षी आलेल्या बायकांत वत्सला नावाची एक होती. शिष्येने स्तनाच्या कर्करोगाची बरणी दाखवली, गाठ हाताला कशी लागते ते सांगितले, दुखत नाही म्हणून गप्प बसू नका असे बजावले. वत्सला अगदी पुढे उभी राहून "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत मान डोलवत होती. तेव्हाही तिच्या पदराआड गाठ होती. दवाखान्यात आली ती कित्येक महिन्यांनी. आधी लेकीचे लग्न, मग सोयाबीनची काढणी, मग जावेचे बाळंतपण. बाईच्या जातीला आजारी पडायलासुद्धा सवड काढावी लागते. शस्त्रक्रिया झाली, पण वेळ निघून गेली होती. मरण्याआधी ती म्हणाली, "माझं कापलेलं ठेवा तिथं. दुसरीला दावा." ती बरणी शिष्येने स्वतःच्या हाताने भरली. वर नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. शिष्येला नाव पाठ होते.

बायका यायच्या त्या सकाळी दोघी बरण्या तपासत होत्या. झाकण कितीही घट्ट लावले तरी हे पाणी हळूहळू उडते, म्हणून वरून भर घालावी लागते. कॅनमध्ये थोडेच उरले होते. नवा कॅन पुढच्या आठवड्यात यायचा होता. वत्सलाच्या बरणीतले पाणी दोन बोटे खाली गेले होते. शिष्येने ती बरणी पुढे ओढली. पण अध्यापिकेने कॅन उचलला आणि शेजारच्या बरणीत रिता केला.

त्या बरणीत काहीच नव्हते. अवयव नाही, गाठ नाही, चिठ्ठीवर क्रमांक नाही. नुसते स्वच्छ पाणी.

"मॅडम! ती रिकामी आहे."

"दिसतंय मला. चष्मा लावलाय."

"मग साधं पाणी भरा ना तिच्यात! वत्सला उघडी पडायला आलीय इथं."

"साध्या पाण्याला चार दिवसांत शेवाळ धरतं." अध्यापिकेने कॅनचा शेवटचा थेंब झटकला आणि झाकण फिरवले. "वत्सला आठवडाभर दम काढेल. हिला आज लोकांसमोर उभं राहायचंय, आणि पुढंही."

शिष्येचा संयम संपला. "मॅडम, तुमचं खरंच वय झालंय. आणि आता ऐकूनच घ्या. किल्ली घेते मी, पण हे बायकांना दाखवणं बंद करणार. पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं. येतात, नाक दाबतात, फिदीफिदी हसतात, मान डोलवतात आणि घरी जाऊन मरतात."

"किल्ली तुझी, निर्णय तुझा," अध्यापिका म्हणाली. "आजचा दिवस ढकल."

टेम्पोतून बायका उतरल्या. पदर नाकाला लावून आत शिरल्या आणि पहिल्याच कप्प्यापाशी कुणीतरी ओरडले, "अगं बया, माणसांचं लोणचं घातलंय का काय!" ती गोजराबाई. अंगाने रुंद आणि तोंडाने फटकळ. यकृतासमोर उभी राहून म्हणाली, "आमच्या मालकास्नी आणाया पायजे हुतं. त्येंचं बी असंच झालं असंल."

"मालकाचं कशाला, तुजीच जीभ ठेवतील की बरणीत," मागून एक म्हणाली. "पर मावायची न्हाई!"

हशा पिकला. शिष्या बोलत राहिली. देवळात आरती म्हणताना तोंड चालते आणि मन बाहेर काढलेल्या चपलांपाशी असते, तसे तिचे बोलणे. वत्सलाच्या बरणीपाशी तिने सांगायचे ते सगळे सांगितले. बायकांनी च्यक च्यक केले, माना डोलवल्या. त्या डोलणाऱ्या माना शिष्येने गेल्या वर्षीही पाहिल्या होत्या.

तेवढ्यात गोजराबाईने शेजारच्या बरणीवर बोट टेकवले. "आन् हिच्यातलं कुटं पळालं? चोरी झाली जनू तुमच्यात."

"पळालं नाही," अध्यापिका म्हणाली. "बाई घरी गेली."

"म्हंजी?"

"गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच बायका आल्या होत्या. ही शेजारच्या बरणीतली त्यांतलीच. तिच्याच टेम्पोत आणखी एक होती. मागं उभी, नुसती चुळबुळ. एकदा म्हणून मान डोलवली नाही. मला वाटलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती एकटी दवाखान्यात आली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ. काढली. काढलेलं आधी तपासणीला जातं, त्याचे पातळ काप करतात. दाणा एवढासा, तो तपासणीतच संपला. बरणीत ठेवायला काही उरलं नाही. ही तिची बरणी."

"आन् ती बाई?"

"तिच्या गावची नर्स परवा सांगत होती, नळावर दोन घरांशी भांडण काढून बसलीय."

बायका खो खो हसल्या. एकटी गोजराबाई हसली नाही. ती या बरणीकडे, मग त्या बरणीकडे पाहत राहिली. मग पदर खोचत म्हणाली, "चला गं, टेम्पोवाला बोंबलतोय."

खोली रिकामी झाल्यावर शिष्या म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, एकीनं काय होतंय. आणि हे तरी मला नर्स भेटली म्हणून कळलं. त्या टेम्पोत आणखी कितीतरी होत्या. त्यांचं मलाही ठाऊक नाही." अध्यापिका स्टुलावर टेकली. गुडघे दुखत होते तिचे. "अगं, संग्रहालय म्हणजे उशिरा आलेल्यांची वस्ती. वेळेवर आलेली बाई आपल्यापाशी काही ठेवून जात नाही. ना अवयव, ना आभार. तू दिवसभर या उशिराच्यांत बसतेस, म्हणून तुला वाटतं, सगळं जग उशिराच येतं. आपलं हरणं बरणीत राहतं आणि दिसतं. आपलं जिंकणं कुठंतरी नळावर भांडत असतं."

"आणि वत्सला?"

"वत्सलाचं दुःख खरं आहे. ते पुसून टाक असं मी म्हणत नाही. फक्त तिच्या शेजारी ही दुसरीही उभी असू दे. आणि हिच्यातलंही पाणी उडू देऊ नकोस."

शिष्या खिडकीशी गेली. खाली टेम्पोत बायका चढत होत्या. गोजराबाई सर्वांत शेवटी चढली. आता ती उतरेल, मागे वळेल, हाक मारील, असे शिष्येला वाटत राहिले. टेम्पोने धूर सोडला आणि तो फाटकाबाहेर गेला. कुणी उतरले नाही.

"वाट बघू नकोस," मागून अध्यापिका म्हणाली. "तिला काही नसेलही. असलं, तर दुसऱ्याच दवाखान्यात जाईल. तुला कळणारसुद्धा नाही. कळल्याशिवाय काम करता येत असेल, तरच किल्ली घे."

पुढच्या आठवड्यात नवा कॅन आला. शिष्येने आधी वत्सलाची बरणी काठोकाठ भरली. मग शेजारची. झोंबणाऱ्या पाण्याने डोळे लाल झाले, ते तिने बाहीला पुसले. अध्यापिकेने मेजावर किल्ली ठेवली होती. शिष्या अजून दमलेलीच होती. किल्ली उचलत ती म्हणाली, "जायच्या आधी त्या टेम्पोवाल्याचा नंबर देऊन जा. पुढच्या वर्षी मी कुठं शोधत बसू?"

बायांनो आणि बाप्यांनो, चांगले सांगून सांगून दमलात तर घटकाभर बसा; पण कुणी परत येऊन 'ऐकले' म्हणाले नाही, एवढ्यावरून दार लावून घेऊ नका.