शेंदूर फासलेला रांजण

एका राज्यात एके सकाळी पाणी गोड लागले. राजा म्हणाला, कृपा झाली. पाणक्याची लेक चंपावती तेवढी दचकली. पाण्याला चव नसावी, एवढेच तिला ठाऊक होते.

दरबारातून हाकललेल्या कालदंत मांत्रिकाने राजहौद आतून शिशाने मढवला होता. शाप असा की, पिईल त्याचे हात गळतील. चंपावतीची धाकटी बहीण रेवा हिची मनगटे लोंबली, हातात वाटी ठरेना.

तेव्हा हौदाच्या काठावरची टिटवी बोलली, "टेकडीचा तांबडा जांभा फोड. कुटून, धुऊन रांजणात भर. पाणी त्यातून गाळ, दगड शिसे धरून ठेवील. आणि दर चौथ्या पौर्णिमेला तो दगड टाकून नवा भर."

"एवढेच?"

"दगड बदलायचे शेवटचे काम अवघड आहे."

चंपावतीने जांभा फोडला, बोटे सोलली. रांजण भरला. तीन पौर्णिमांत रेवाने आपल्या हाताने वाटी धरली. राज्य हरखले. पुजाऱ्याने रांजणातल्या दगडांना देव ठरवून दाट शेंदूर फासला. शेंदूर म्हणजे भाजलेले शिसेच, हे टिटवीने सांगितले. कोणी ऐकले नाही.

चौथ्या पौर्णिमेला चंपावती टोपली घेऊन आली.

"देव उपसायला निघालीस होय गं?" पुजारीण कडाडली.

"दगडाचं पोट भरलंय, काकी. वर तुम्ही शिसंच फासता."

"पोट भरलंय! मग ढेकर देईल की!"

लोक पोट धरून हसले. राजाने फर्मान काढले, देवाला एकटीने हात लावील तिचा हात तोडावा. गावातले दुसरे कोणी सोबत आले तरच दगड हलेल.

रेवाची वाटी पुन्हा पडली. चंपावती रोज सकाळी हौदाशी उभी राहून हाक मारी, "दगड बदलायला कोणी येता का?" आपल्याच आवाजाला ती दचके. दारे उघडत नसत. राजाच्या हातून घास पडू लागला. त्याने फर्मान बदलले नाही, भरवायला दासी ठेवली.

माघात रेवा गेली. पुढे हौद फुटला, शाप सुटला, राज्य सावरले. पण ते पुढे. रेवाला पोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी चंपावतीने हाक मारली ती केवळ सवयीने.

पुजाऱ्याचे दार करकरले. पुजारीण पायरीवर आली. कपाळ कोरे होते.

"आज कुंकू लावायला हातच उचलेना," ती म्हणाली. "टोपली माझ्या गळ्यात अडकव, पोरी. मी येते."