झुंबरला थंड घर मंजूर होतं

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण ह्याचं नाव नगरपंचायतीच्या लाभार्थी यादीत आहे, म्हणून गोष्ट ह्याची सांगायची. नाव झुंबर, गाव कातरखेड, काम पिठाच्या गिरणीत दळण टाकायचं. झुंबरला कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. तेवढंच करायचा आणि पुरतं करायचा. गिरणीवाला एकदा त्याला म्हणाला, मी येईपर्यंत इथून हलू नकोस. मग गिरणीवाला लग्नाला गेला तो दोन दिवसांनी आला. झुंबर तिथेच होता.

त्याचं घर पत्र्याचं होतं. फाल्गुन संपला की ते असं तापायचं, की दुपारी भिंतीला पाठ टेकवायची सोय नव्हती. त्याच्या बायकोला, सोजरला, तेव्हा आठवा महिना होता. माहेरी तिचं कुणी उरलेलं नव्हतं, म्हणजे बाळंतपण इथलंच. ती एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, “अवं, वैशाखात पोर येणार. ह्या तव्यावर मी पोर निजवणार न्हाई. काय करायचं ते करा.”

आता झुंबर काय करणार? पण नशीब बघा, त्याच आठवड्यात नगरपंचायतीची रिक्षा भोंगा लावून गावातून फिरली. थंड घर योजना आली होती. पत्र्याला वरून ऊन परतवणारा पांढरा रंग, आतून जाड अस्तर, भिंतींना झरोके आणि कमी वीज खाणारा पंखा. सगळं नगरपंचायतीच्या खर्चानं. अटी दोनच होत्या. घर खरोखर तापलेलं पाहिजे आणि अर्ज बिनचूक पाहिजे. पहिली अट झुंबर सहज पुरी करत होता.

योजनेचं टेबल तांबोळी भाऊसाहेबांकडे होतं. माणूस सरळ, फक्त बोलताना अर्धंमुर्धं बोलायचे. ते म्हणाले, घरातले सगळे कागद घेऊन ये. झुंबर घरी गेला आणि घरातले सगळे कागद घेऊन आला. आधार कार्ड होतं, रेशन कार्ड होतं, लाइट बिल होतं. शिवाय लग्नपत्रिका होती, तीन वर्षांची कॅलेंडरं होती आणि फळीवर डब्यांखाली घातलेली वर्तमानपत्रं होती. चहाच्या पुड्याचा कागद त्यानं वेगळा घडी करून आणला होता, कारण पुडा अजून संपला नव्हता.

भाऊसाहेबांनी त्यातून तीन कागद काढले आणि तेही परत दिले. म्हणाले, इथं मूळ काही आणायचं नाही, हरवलं तर माझ्यावर येतं. जे मागेन त्याची झेरॉक्स आणायची. झुंबरनं हे मनात पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स आल्या आणि अर्ज पुढे सरकला. भाऊसाहेब म्हणाले, आता शेजारचा एक साक्षीदार आण. झुंबर धुरपदाबाईंकडे गेला. ही शेजारची म्हातारी, गावातल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणारी, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी. झुंबर तिला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेला आणि तिला काचेवर गाल टेकवायला लावला. सरकारी काम आहे म्हटल्यावर म्हातारीनं टेकवला. कागद बाहेर आला तो सगळा काळा. त्यात एक कान होता आणि कानात बुगडी.

भाऊसाहेबांनी तो कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग विचारलं, “झुंबर, हे काय आहे?”

“साक्षीदार.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी त्याला शांतपणे समजावलं, की बाबा, प्रत्येक गोष्ट कागदावर चालत नाही. जे खरं आहे ते इथं टेबलासमोर आणून उभं करायचं. झुंबरला हे कालच्यापेक्षा उलटं वाटलं, पण साहेबलोक बदलतात तसं बोलणंही बदलतं, असं म्हणून त्यानं तेही पक्कं केलं. धुरपदाबाईंना समोर उभं केलं. त्यांनी अंगठा दिला, आणि कानाचा कागद मात्र आठवण म्हणून मागून घेतला.

आता एकच राहिलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, छत पत्र्याचं आहे ह्याचा पुरावा दे, की अर्ज गेला पुढे. त्यांना फोटो हवा होता. तो शब्द तेवढा त्यांच्या तोंडून राहिला.

भर दुपारी झुंबर घरावरचा एक पत्रा काढून, बाजारपेठेतून डोक्यावर घेऊन आला. आठ फुटी पत्रा कार्यालयाच्या दारातून आत येईना. तो तिरका केला, मग उभा केला, तेव्हा टेबलासमोर उभा राहिला. भाऊसाहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग पत्र्याला लावला, आणि चटका बसून लगेच मागे घेतला. घर तापतं ह्याबद्दल त्यांची खात्री झाली.

पण आता ते घाबरले. हा गडी उद्या अख्खं घर उचलून आणेल, ह्याची त्यांना धास्ती वाटली. ते म्हणाले, “हे बघ, मंजुरी येईपर्यंत घराला हात लावायचा नाही. एक खिळा इकडचा तिकडे करायचा नाही. आधी काम केलं की अर्ज बाद.”

झुंबरनं पत्रा घरी नेला आणि अंगणातल्या कडुनिंबाला टेकवून ठेवला. सोजर म्हणाली, वर चढून बसवा की. झुंबर म्हणाला, मंजुरीआधी हात लावायचा नाही. तिनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एक वेळ जेवण वाढलं नाही. झुंबर उपाशी राहिला, पण हात लावला नाही. दार तो पाठीनं ढकलायचा. जेवताना भिंतीपासून वीतभर दूर बसायचा. झाडलोट म्हणजे हात लावणंच, असंही त्यानं बायकोला सुचवलं. त्यावर सोजरनं केरसुणी ज्या तऱ्हेनं उचलली, ती बघून त्यानं तो मुद्दा सोडून दिला.

आठ दिवसांनी पाहणीला शेवाळे मॅडम आल्या. नगरपंचायतीच्या इंजिनिअर, वयानं तरुण, कामाला चोख. त्यांनी घरात तापमान मोजायचं यंत्र ठेवलं. वर पत्र्याची जागा मोकळी, खाली दार उघडं, असा छान वारा खेळत होता. मॅडमनी आकडा पाहिला आणि मान हलवली. म्हणाल्या, तुमच्या गल्लीतलं सगळ्यात गार घर हेच आहे, नियमात बसत नाही.

सोजरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला नववा लागला होता. वैशाख आठ दिवसांवर होता, पदरात काही पडत नव्हतं आणि नवरा असा. मला विचाराल तर ह्या गोष्टीत हसू न येणारी जागा ही एकच. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, वरच्या भोकाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं उमगलं. त्या झुंबरला म्हणाल्या, “पत्रा आजच बसवा, माझी परवानगी आहे. मी परवा येते. मोजताना दारं-खिडक्या गच्च लावायची, आणि अर्धा तास मोजणी पुरी झाल्याशिवाय कुणी उघडायची नाहीत. कुणीही.”

परवा त्या आल्या. ऊन मी म्हणत होतं. त्या यंत्र घेऊन आत गेल्या, ते कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवायला वाकल्या आणि झुंबरनं बाहेरून कडी घातली. खिडकी आधीच लावलेली होती. मग तो उंबऱ्याशी मांडी घालून बसला.

पाच मिनिटांनी आतून दार वाजलं.

“झुंबरराव, दार उघडा.”

“मोजणी झाली का, मॅडम?”

“आधी उघडा तुम्ही.”

“म्हंजी झाली न्हाई.”

सोजर नळावर पाण्याला गेली होती. ती आली तोवर पंचवीस मिनिटं उलटली होती. तिनं सांगितलं, आरडाओरडा केला, त्याचा हात धरून ओढला. झुंबरनं तिला समजावलं, की कुणीही म्हणजे त्यात तूही आलीस. अर्धा तास भरला तशी त्यानं कडी काढली आणि अदबीनं बाजूला झाला.

मॅडम बाहेर आल्या त्या भिजलेल्या पोत्यासारख्या. त्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं, तिसरा डोक्यावर ओतला. मग कडुनिंबाखाली बसल्या आणि फाइल उघडली. गावातून बावीस अर्ज गेले होते आणि महिन्याच्या आत एकाचाही निकाल लागलेला नव्हता. झुंबरचा तिथल्या तिथे लागला. शेरा असा होता: “घर राहण्यास अयोग्य. स्वतः अनुभवले. तातडीने मंजूर.”

चार दिवसांत माणसं आली आणि काम झालं. पत्रा पांढराशुभ्र झाला, आत अस्तर लागलं, झरोके पडले, पंखा फिरू लागला. सोजर जमिनीवर आडवी झाली, वर बघितलं आणि किती दिवसांनी मोकळेपणी हसली. नवऱ्याला म्हणाली, येडे असाल, पण केलंत. झुंबरला ह्यातलं केलंत तेवढं ऐकू आलं.

झालेलं काम बघायला मॅडम आल्या आणि जाताना त्यांनी शेवटचं सांगितलं. पंधरा दिवसांनी मी पुन्हा मोजायला येईन. घर गार निघालं तर काम कायम होईल, नाही निघालं तर पंखा, अस्तर, सगळं उतरवून नेतील. तेव्हा घरात गरम काही ठेवू नका. आणि झुंबरचा चेहरा बघून त्यांना वाटलं, ह्याला आणखी सोपं करून सांगावं.

“हात लावून बघायचं, झुंबरराव. गरम लागलं की घराबाहेर.”

सोजर सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. धुरपदाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून आपलं काम हाती घेतलं. तेल चोळून कढत पाण्यानं दोघींना न्हाऊ घातलं. मग बाजेखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली. बाळंतिणीला शेक हा हवाच, मग घर थंड असो की गरम. पोर शेकून लालबुंद झाली आणि झोपली. आई झोपली. धुरपदाबाई घरी गेल्या. आणि मॅडम त्याच दिवशी चार वाजता यायच्या होत्या.

झुंबरनं हात लावून बघायला सुरुवात केली. शेगडी गरम होती, ती बाहेर ठेवली. पाण्याचा हंडा गरम होता, तोही बाहेर गेला. चहाचं पातेलं, वाटीतलं तेल, धुरीचा तवा, सगळं अंगणात ओळीनं मांडलं. मग तो बाजेपाशी आला आणि पोरीच्या कपाळाला हात लावला.

गरम.

त्याला वाईट वाटलं. पण बायकोनं एवढ्या हौसेनं मागितलेलं घर हातचं जाणार, हे त्याला त्याहून वाईट वाटत होतं. त्यानं पोरीला हळूच दुपट्यात गुंडाळलं आणि कडुनिंबाखाली सुपात निजवलं. हंड्याच्या शेजारी. सोजरला जाग आली, बाजेवर पोर नाही, तशी ती भिंत धरत धडपडत बाहेर आली. झुंबरनं तिच्या कपाळाला हात लावला. तीही गरम. ती आपण होऊनच बाहेर आली होती, त्यामुळे त्याचं काम वाचलं. त्यानं दार ओढून घेतलं.

मॅडम आल्या, आत गेल्या आणि हसत बाहेर आल्या. बाहेर एकेचाळीस होतं आणि आत एकतीस. एवढं गार घर योजनेत दुसरं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, की एवढं गार घर सोडून बाळंतीण चार वाजता उन्हाच्या झळांत का बसली आहे? झुंबरनं अभिमानानं सांगितलं, “मॅडम, गरम म्हणून काय ठेवलं न्हाई आत. ह्या दोघी बी बाहेर काढल्या.”

तशी सोजर उठली. तिनं सूप रिकामं केलं, पोर उराशी घेतली आणि उंबऱ्यात उभी राहिली. झुंबर म्हणाला, पोरगी गरम आहे. ती म्हणाली, “पोरीला हात आईनं लावायचा. माझ्या हाताला ती गार लागती.” मग तिनं पुढे वाकून नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

“तुमी गरम हाय.”

आणि आतून कडी लागली.

झुंबरनं स्वतः हात लावून बघितला. बायकोचं खरं होतं. तो मुकाट्यानं जाऊन हंड्याच्या शेजारी बसला. मॅडमनी काम कायम असल्याचा कागद लिहिला, त्याच्या हातात दिला आणि निघता निघता विचारलं, की किती वेळ बसणार असे? झुंबरनं पुन्हा कपाळ चाचपलं.

“अजून गरमच हाय, मॅडम,” तो म्हणाला. “पुरता गार झालो की जाईन आत.”