सत्तावन्न नंबरचा पाय

“मग आता बटण दाबायला हरकत काय आहे, बाई?” श्रीवर्धननं तिसऱ्यांदा विचारलं.

मगदूम बाई टेबलावरच्या बोर्डाकडे बघत होत्या.

मी, दस्तगीर, सोल्डरिंगचा माणूस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाईंच्या हाताखाली काढली. ऐकीव सांगत नाही, त्या खोलीत मी हजर होतो.

खोली मिरजेच्या एका प्रसूतिगृहाच्या मागची. टेबलावर काचेची पेटी, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवतात ती. तिचा जुना मेंदू जळाला होता. नवा बोर्ड आम्ही केला होता आणि त्यावर एक कोरी चिप बसवली होती. अशा चिपला काम काय करायचं ते आपण लिहून द्यायचं असतं.

ते लिहिलं होतं श्रीवर्धन चौगुलेनं. बाईंचा जुना विद्यार्थी. बेंगळुरूला मोठ्या पगारावर होता, बाईंनी बोलावलं म्हणून दोन दिवसांसाठी आला होता. पोरगा हुशार, खोटं कशाला बोलू? पण हुशारी अंगाला अत्तर लावावं तशी लावून फिरायचा.

शेजारच्या खोलीत अकराशे ग्रॅमचं बाळ आईच्या छातीशी धरून ठेवलं होतं. आईलाच ताप भरत चालला होता. सिस्टर दोनदा विचारून गेल्या, “झाली का पेटी?”

“बाई, कॉम्प्युटरवर चारशे चाचण्या घेतल्या. सगळे दिवे हिरवे.”

“चिपला पाय किती?”

“एकशे चव्वेचाळीस.”

“तू वापरलेस किती?”

“तेवीस. तेवीस नावं, तेवीस पाय. कोण कुठं बसणार त्याची यादी दिलीय की मी.” तो हसला. “ते कारकुनी काम, बाई. खरं डोकं आतल्या लिखाणात लागतं.”

“यादी कशावरून केलीस?”

“बोर्डावरून. स्वतः मोजून.”

बाई उठल्या. बेसिनपाशी गेल्या. साबण लावून उजवा हात कोपरापर्यंत धुतला, पुसला. मग पेटीची खिडकी उघडून तो हात आत घातला आणि गादीवर उताणा ठेवला. बरोब्बर हीटरच्या खाली, बाळाचं डोकं येतं तिथं.

“दाब,” त्या म्हणाल्या.

श्रीवर्धनचं बोट बटणापाशी गेलं...

तिथंच थांबलं.

“बाई, हात काढा ना.”

“का?”

“म्हणजे... उगाच कशाला...”

“सगळे दिवे हिरवे आहेत म्हणालास.”

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

“आहे. म्हणून तर हात ठेवलाय.”

अहो, काय सांगू! आवाजात राग नाही, टोमणा नाही. सत्तरीतली बाई, हात पेटीत घालून शांत बसलेली.

श्रीवर्धनचा चेहरा उतरला. त्यानं बोट मागं घेतलं.

“दस्तगीरचाचा, मीटर द्या.”

मी मीटर दिला. दोन सुया असतात त्याला. दोन्ही टोकं एकाच तारेला लागली की तो पीं करून ओरडतो. एक सुई चिपच्या पायावर, दुसरी तारेच्या शेवटाला. यादीतलं नाव मोठ्यानं म्हणायचं आणि कान द्यायचा. बाईंची पहिल्यापासूनची रीत. कॉलेजात पोरं तिला बाईंची हजेरी म्हणायची.

“अठरा. बाळाच्या अंगाचं तापमान.”

पीं.

“बावीस. पेटीतल्या हवेचं तापमान.”

पीं.

बाईंनी हात काढला नाही. मी चहा आणला तो डाव्या हातानं प्यायल्या.

“सत्तावन्न. हीटर.”

...

“सत्तावन्न. हीटर,” तो पुन्हा म्हणाला.

मीटर मुका.

त्यानं सुई हळूच सरकवली. मधल्या तारेवर काही नाही. पलीकडच्या तारेवर ठेवली.

पीं.

ती पंख्याची तार होती.

श्रीवर्धन मटकन खुर्चीत बसला. हीटर-पंख्याचं ते सॉकेट मीच बसवलं होतं. तीन तारांचं. एका टोकाला हीटर, दुसऱ्या टोकाला पंखा, मधली दोघांची सामाईक. श्रीवर्धननं बोर्ड पालथा धरून मोजलं होतं. पालथ्या बोर्डावर डावं ते उजवं होतं. खात्री म्हणून एक तार तपासली होती, पण नेमकी मधली. मधली काय, कुठूनही मोजा, मधलीच!

“पंखा कायम चालू ठेवायचा असं लिहिलंय मी,” तो पुटपुटला. “म्हणजे हीटर कायम चालू राहिला असता... आणि पेटी तापली की बंद झाला असता तो पंखा.”

“सुरुवातीला काय दिसलं असतं?” बाईंनी विचारलं.

“दोन्ही चालू. सगळं बरोबर.” त्यानं मीटर खाली ठेवला. “मी हात झटकून निघून गेलो असतो, बाई. आणि बाळ आत...”

तो यादीकडे वळला.

त्यानं यादीतल्या दोन ओळींची अदलाबदल केली. बस्स, तेवढंच. आतल्या लिखाणातलं एक अक्षरही बदललं नाही, ते पहिल्यापासून बिनचूक होतं. मग पुन्हा पहिल्या नावापासून हजेरी. तेवीसच्या तेवीस.

मग तो उठला आणि बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला. दुसऱ्या बाजूची खिडकी उघडून त्यानं आपला हात बाईंच्या हाताशेजारी ठेवला. मोकळ्या हातानं बटण दाबलं.

पंखा फिरला. हीटर लालसर झाला.

आम्ही तिघंही पेटीवरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत बसलो. तीस... तेहतीस... पस्तीस...

छत्तीसला हीटर विझला. पंखा चालूच राहिला.

पुन्हा पेटला. पुन्हा विझला. एवढीशी काळी चिप, तांदळाच्या पापडीएवढी, पण छत्तीसाचा आकडा हलू देईना. हे काम मी जन्मभर केलंय, तरी त्या दिवशी मला हात जोडावेसे वाटले. चिपला की बाईंना, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अर्धा तास गेला. श्रीवर्धननं आपला हात काढून घेतला. डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

दार उघडलं. सिस्टर बाळाला कापसात गुंडाळून उभ्या होत्या.

“बाई,” श्रीवर्धन हळूच म्हणाला, “आता तरी हात काढा.”

“आधी त्याला जवळ आणू दे,” बाई म्हणाल्या. “तोवर जागा धरून ठेवलीय.”