न मोजलेल्या विहिरी

एका कोरड्या मुलखात एकदा एक वृद्ध जलतज्ज्ञ राहत असत. लोक त्यांना आचार्य म्हणत. तिथल्या जमिनीत फ्लोराइड फार. ते पाण्यातून अंगात भिनले की लहान मुलांची हाडे वाकतात. आचार्यांनी उमेदीची सारी वर्षे पायपीट करून गावोगावच्या विहिरींचे पाणी तपासले होते.

उतारवयात त्यांनी ही मोजमापे आपल्या बुद्धिमान शिष्याच्या स्वाधीन केली. शिष्याने संगणकासाठी एक आटोपशीर फॉरमॅट रचला. त्यात शब्द नव्हते, खुलासे नव्हते. प्रत्येक विहिरीला ठरलेली जागा आणि त्या जागेत फ्लोराइडचा आकडा, एवढेच. सारा मुलूख एका चिमुकल्या फाइलीत मावला. कुठे वाट खचली म्हणून, कुठे पाण्याची बाटली फुटली म्हणून काही विहिरी तपासायच्या राहिल्या होत्या. त्यांची जागा रिकामी सोडता येईना, तेव्हा फ्लोराइड न आढळलेल्या विहिरींप्रमाणे शिष्याने तिथेही शून्यच भरले. आचार्यांचे जुने कागद रद्दीत गेले.

"कोणता आकडा कशाचा, कोणत्या मापातला, केव्हाचा, हे नीट लिहून ठेव," आचार्य सांगत.

"लिहितो. सगळं माझ्या डोक्यात आहे," शिष्य म्हणे. मग दुसरे काम निघे आणि लिहिणे राहून जाई.

पुढे ती फाइल सरकारी कचेरीत गेली. तिथल्या लोकांनी शून्य पाहिले, पाणी निर्दोष मानले आणि त्या विहिरी पिण्यासाठी खुल्या केल्या.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी डोंगरापलीकडची एक बाई आचार्यांच्या दारात आली. कडेवर मुलगा होता. कडेवर घेण्याचे त्याचे वय केव्हाच सरले होते. तिने त्याला ओट्यावर बसवले. त्याचे पाय धनुष्यासारखे वाकलेले होते.

"तुमच्याच आकड्यानं सांगतलं ना जी, का आमच्या हिरीचं पाणी चांगलं हाय म्हणून? मंग पोराचे पाय असे कावून झाले?"

शिष्याने फाइल उघडली. त्या विहिरीच्या जागी शून्य होते. हे शून्य मोजलेले की न मोजलेले? त्याने आठवून पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. डोक्यात काहीच उरले नव्हते. तो आत आचार्यांकडे धावला.

"अंदाज बांधता येईल," सारे सांगून झाल्यावर तो काकुळतीने म्हणाला. "शेजारच्या विहिरींवरून खरी शून्यं कोणती, ते शोधतो."

आचार्य म्हणाले, "जिथे जिथे शून्य आहे, ती प्रत्येक नोंद पुसून टाक. आणि कचेरीला कळव, या विहिरींविषयी आम्हाला काहीही ठाऊक नाही."

"पण त्यांत खरोखर निर्मळ विहिरीही आहेत! तुमचं आयुष्य गेलं त्यात."

"पूस."

शिष्याने पुसले. आचार्य पडद्याकडे पाहत होते.

"आकड्याला स्वतःचा अर्थ ठाऊक नसतो," ते हळू म्हणाले. "आपण तो सांगितला नाही, तर वाचणारा आपल्या समजुतीचा अर्थ भरतो. 'विष नाही' आणि 'आम्हाला माहीत नाही' या दोन गोष्टी तू एकाच खुणेत कोंबल्यास. त्या निर्मळ विहिरी त्याच दिवशी आपल्या हातून गेल्या. आज आपण ते फक्त कबूल केलं."

शिष्य बाहेर आला. त्याने बाईला सगळे सांगितले, काही न लपवता. ते पाणी आता पाजू नका, असेही सांगितले. तिने ऐकून घेतले. मग मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारले, "सरळ होतीन का जी आता?"

"नाही," शिष्य म्हणाला. आयुष्यात इतका लहान शब्द उच्चारायला त्याला इतके कष्ट कधी पडले नव्हते.

ती गेल्यावर तो लिहायला बसला. प्रत्येक आकड्यासोबत त्याचे माप हवे, दिवस हवा, मोजणाऱ्याचे नाव हवे. आणि जे मोजलेच नाही, त्याला वेगळी खूण हवी. सारे लिहायला फारसा वेळ लागला नाही. हेच त्याला सर्वांत असह्य झाले.

दुसऱ्याच्या हाती काही सोपवताना, आपल्याला काय ठाऊक नाही तेही त्याला सांगितले आहे का, एवढे आपण स्वतःला वेळीच विचारावे.