निवडुंगाची मशागत

"मुळासकट तोडला तरी परत येतोच कसा ह्यो, बाबा?"

धुळाप्पाने हातातला कोयता तक्याच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, ओट्यावर आदळला.

लालशाबाबा ओट्यावर शेळीच्या कानातल्या गोचिडी काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्या तुमास्नी इचारतोय."

"ऐकतोय की. शेळी बी ऐकतीया."

धुळाप्पा चरफडला. दोन वर्षं तो या फकिराच्या पायाशी होता आणि दोन वर्षांत त्याला एक सरळ उत्तर मिळालं नव्हतं.

आला तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली होती. "भावावरचा राग जात न्हाई, बाबा. जेवताना घास अडकतो. काय तरी उपदेश द्या."

बाबांनी तक्याच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं होतं. तिथे बैलगाडीएवढी फड्या निवडुंगाची जाळी होती. "तेवढं साफ कर. साफ झालं की बस माझ्यापुढं."

"एवढंच ना!" म्हणत धुळाप्पाने धोतर खोचलं. एवढंच ना म्हणणाऱ्यांचं जे होतं तेच त्याचंही झालं.

हा निवडुंग मूळचा इथला नव्हेच. साहेबाच्या राज्यात लाल रंग देणाऱ्या किड्यांसाठी कुणीतरी लांबून आणला म्हणतात. रंगाचं काय झालं कुणास ठाऊक, काटे मात्र घरजावई होऊन बसले. त्यातून हा माळ असा उघडाबोडका, की कुसळही उगवायला नाखूश. तिथे हा एकटा फोफावला. दोन वर्षं तोडून तोडून आता तो भिंतीपासून थेट ओढ्यापर्यंत पोचला होता.

पण आजचा धुळाप्पाचा त्रागा निवडुंगावरचा नव्हता. सकाळी माळावरून मेंढरं घेऊन जाणारा एक धनगर जाता जाता सांगून गेला होता, "धुळाप्पा, तुझा हरण्या परवापास्नं बसलाय. वैरण संपली बिराप्पाकडची."

दुष्काळात बैल बसला की उठत नाही, हे कुणी सांगायला लागत नाही.

हरण्या म्हणजे धुळाप्पाचा जीव. गाय व्यायली आणि मेली, तेव्हा ताकाची पेज बोटांवरून चाटवून त्यानेच ते वासरू जगवलं होतं. बाप गेला, वाटण्या झाल्या, बैलांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि हरण्या निघाला थोरल्या भावाच्या, बिराप्पाच्या नावावर. "बदलून दे," धुळाप्पा म्हणाला. "चिठ्ठी ती चिठ्ठी," बिराप्पा म्हणाला. तेव्हा धुळाप्पाने पंचांसमोर छाती बडवून सांगितलं होतं, "तुझ्या दारात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार न्हाई!"

बिराप्पाचं घर तक्याच्या टेकडीच्या पायथ्यालाच होतं. ओट्यावरून दिसायचं. सकाळपासून धुळाप्पाने तिकडे पाहायचं नाही असं शंभरदा ठरवलं होतं, आणि शंभरदा पाहिलं होतं. मध्येच तो उठे, चार फडे तोडी, पाणी पिई, पुन्हा उठे.

"तोडल्याली फडं टाकतोस कुठं?" बाबांनी विचारलं.

"कुठं म्हंजी? देतो भिरकावून. वड्याकडं."

"तुझ्या रानाला कुंपण हुतं का न्हाई?"

"हुतं की. ह्याचंच."

"कसं लावलंस?"

"त्यात काय लावायचं? फडं तोडायची, वळीनं टाकायची. पडल्या जागी आपसूकच मुळं..."

धुळाप्पाचं तोंड उघडंच राहिलं.

...

बाबांनी आणखी एक गोचीड काढून दगडावर चिरडली. "दोन वर्सं मशागत झ्याक केलीस."

धुळाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने मिसरूड फुटायच्या आधी अर्ध्या गावाची कुंपणं घातली, त्याला हे कळू नये? प्रत्येक फडा भिरकावताना त्याच्या डोळ्यांपुढे बिराप्पाचं तोंड असायचं. फडा कुठे पडतो ते बघायला वेळ कुणाला होता!

"मंग जाळतो! राखच करतो रांडंच्याची!"

बाबांनी शेळी जरा जवळ ओढली.

त्याने दोन फाट्यांच्या काठीने फडे ओढले, परसात ढीग घातला, खाली वाळक्या बाभळी सारल्या आणि काडी लावली. काटे तडतडले. धूर डोळ्यांत गेला, तरी धुळाप्पा हलला नाही. पुष्कळ दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

जाळ बसला.

फडे हिरवेगारच होते. अंगावर पाण्याचे थेंब, कडा जरा काळ्या. काटे तेवढे गेले होते.

"ह्यो तर जळत बी न्हाई, बाबा!" धुळाप्पाचा आवाज रडवेला झाला.

एवढ्यात शेळी बाबांच्या हातून निसटली. ढिगाच्या कडेचा एक निवलेला फडा तिने हुंगला आणि कचाकचा खायला लागली. हनुवटीवरून रस गळत होता.

धुळाप्पा बघत राहिला.

बाहत्तर सालच्या दुष्काळात बापाने असंच केलं होतं. फडे भाजायचे, बारीक तोडायचे, मूठभर कडब्यात कालवायचे. तेवढ्यावर दोन्ही बैल तगले होते. हेही त्याला ठाऊक होतं. सगळंच ठाऊक होतं!

...

"एका बैलाला रोज किती लागंल रं?" बाबांनी सहज विचारलं.

"पाटीभर. पर पयल्या दिशी थोडंच द्यायचं, न्हाईतर पोट सुटतंया. आन बसल्याल्या बैलाला तर हातानं भरवावं..." तो एकदम थांबला. "न्हाई. न्हाई, बाबा! त्याच्या दारात म्या जायाचा न्हाई. पंचांम्होरं बोललोय."

"नको जाऊस."

"आं?"

"ये, बस. आज उपदेश देतो."

धुळाप्पाचा कानांवर विश्वास बसेना. ज्यासाठी दोन वर्षं काटे काढले ते असं बसल्या बसल्या मिळत होतं, आणि निवडुंग तर तसाच उभा होता. तो घाईघाईने हातपाय धुऊन बाबांपुढे बसला.

"डोळं मीट."

"मिटलं."

मिटल्या डोळ्यांपुढे देव आला नाही, अल्ला आला नाही. एक ओलं नाकाड आलं आणि त्याची बोटं शोधू लागलं.

"डोळं मिटलंस न्हवं?"

"व्हय, बाबा."

"मंग पाय का हलतोय?"

धुळाप्पाने गुडघा दाबून धरला. दुसरा हलू लागला. शेवटी त्याने डोळे उघडले.

"बाबा, उपदेश उद्या घेतला तर चालंल का?"

"उद्या मी देईन का न्हाई, काय सांगावं?"

...

धुळाप्पा जागचा हलेना. हातातोंडाशी आलेला घास होता तो. खालून, टेकडीच्या पायथ्याकडून, कसलासा आवाज आला. वाराही असेल. बैलही असेल.

तो उठला.

मग मात्र तो थांबला नाही. निवलेले फडे ओढून त्याने कोयत्याने बारीक केले. जाळातून वाचलेली बारीक कुसं बोटांत घुसत होती, तरी पाटी काठोकाठ भरली. टॉवेलाची चुंबळ करून ती डोक्यावर घेतली आणि उतार धरला.

वीस पावलांवर पुन्हा पाय अडखळले. तो पाटीसकट मागे वळला. दोन वर्षांत त्याचा चेहरा इतका भ्यालेला बाबांनी पाहिला नव्हता.

"बाबा... आन त्यानं तोंडावर दार लावलं तर?"

बाबांनी शेळीचा कान पुन्हा हातात घेतला होता.

"लावू दे की. बैल भाईर बांधलाय."