उजवी पाकळी

"देवान उजवो कौल दिल्यान, बुवांनू. आता तरी वास्तुशांतीक येशात मा?"

सरपंच भिवाजी तावडे मठाच्या पायरीवर बसून विचारत होते.  मठातले पुरीबुवा तुळशीला पाणी घालत होते, घालत राहिले.

भिवाजींनी डोंगराचा पायथा कापून तिथं नवं घर बांधलं होतं. उन्हाळ्यात भूगर्भशास्त्राच्या डॉ. वसुधा कोरान्ने आल्या. त्यांनी गावाला वर नेऊन डोंगराला पडलेली लांबलचक भेग दाखवली. जोराचा पाऊस लागला की भेगेत पाणी शिरेल आणि डोंगर खाली येईल, त्याआधी पायथ्याची घरं रिकामी करा, असं त्यांनी साध्या मराठीत सांगितलं. गावानं मान डोलावली, बाईंना चहा पाजला, आणि त्यांची गाडी वळणाआड जाताच हसून घेतलं. शिकलेल्या माणसाला चहा पाजला की त्याचं ऐकल्यासारखं होतं, अशी आपली एक समजूत आहे.

मग भिवाजींनी ग्रामदेवतेला कौल लावला. घरात राहायला जाऊ का, हा प्रश्न. देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी आधी पडली की देवाचा होकार.

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"पहिल्याच वेळी उजवी पडली?"

"नाय... पयल्यांदा डावी."

"मग?"

"गुरवाचो हात थरथरता. पाकळी नीट लागाक नाय. परत लावूक सांगितलंय."

"मग?"

"परत डावी..." भिवाजी पायरीवरची माती नखानं उकरू लागले. "तिसऱ्यांदा पडली उजवी. देवाच्या मनात नाय आसता तर पडली आसती काय?"

बुवांच्या कपाळावरची शीर फुगली. बाईंनी सांगितलं ते खोटं, देवानं दोनदा सांगितलं तेही खोटं. हा माणूस थांबणार तरी कुणाच्या शब्दाखातर? त्यांना चीड आली आणि ती त्यांनी लपवली नाही.

"त्या घरात राहणार कोण?"

"आमी सगळी. चेडू पण इला हा, बाळंतपणाक. आठवो म्हयनो लागलो तेका." बोलता बोलता भिवाजींचा चेहरा निवळला. "मागची खोली दिलंय तेका. डोंगराकडची. गार वारो येता."



"गार वारा," बुवा म्हणाले. "पोटुशी लेक भेगेखाली निजवणार तू. आणि वर नाव देवाचं सांगणार. लाज वाटत नाही?"

"माजो देवार इस्वास आसा, बुवांनू."

"बस मग."

बुवांनी अंगणातल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या तोडल्या. तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या. मठाच्या दगडी खांबावर एक डावीकडे, एक उजवीकडे चिकटवली आणि डोळे मिटून घेतले. भिवाजींनी घाईघाईनं हात जोडले.

खांबावर ऊन होतं.

पाकळ्यांच्या कडा वळायला लागल्या. भिवाजींचे ओठ हलत होते.

उजवी पडली.

"उजवी," भिवाजींचा श्वास सुटला. "बघलात? तुमका पण उजवीच. काय इचारलात देवाक?"

"काहीच नाही."

भिवाजींचे हात जोडलेलेच राहिले...

बुवांनी पडलेली पाकळी उचलली, त्यांचे हात सोडवले आणि ती त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"पाकळी वाळली की सुटते, भिवाजी. डोंगर भिजला की सुटतो."