एकाच सैनिकाची सरळ रांग

"रांग इतकी सरळ हवी, की टोकाला उभं राहिल्यावर मला एकच सैनिक दिसला पाहिजे! दुसऱ्याचं नाक जरी दिसलं, तरी सुट्टी बंद!"

जनरल फॉन ड्रॉसेल पलटणीवर गरजले. प्रशियातली ही पलटण साहेबांच्याच नावाची. सैनिक पुरवायला आसपासची गावं तिला नेमून दिलेली. गावातली पोरं वसंतात कवायत करायची आणि कापणीला घरी जायची. यंदा पीक झडायला लागलं, तरी पोरं मैदानातच!

रांग उंचीप्रमाणे लागायची. उजव्या टोकाला ताडमाड योखेम, डाव्या टोकाला सगळ्यांत बुटका. साहेब पाहायचे ते नेमके डावीकडून, कारण योखेमशेजारी ते टोपीसकट त्याच्या कोपरापर्यंत पोचायचे! मग बुटक्याच्या डोक्यावरून पुढची सगळी नाकं दिसणारच. पण हे साहेबांना सांगणार कोण?

योखेमची बहीण ट्रीना! घरी म्हातारे आईबाप, शेतात उभं पीक. ती तरातरा छावणीत आली.

"सरकार, उद्या सकाळी तुम्हाला एकच सैनिक दाखवते. फक्त फाटकातून या आणि उजव्या टोकाला उभे राहा."

"आणि दुसरा दिसला तर?"

"तर माझा भाऊ जन्मभर ठेवून घ्या!"

मग ती पलटणीच्या कॅप्टन विट्झच्या कानाला लागली. तो आधी टरकला. पण सुट्टीवरच्या सैनिकांचा पगार कॅप्टनच्याच खिशात पडायचा. ट्रीनाने तेवढी आठवण करून देताच त्याला शेतकऱ्यांचा एकदम कळवळा आला.

सकाळी साहेब आले. फाटकाच्या तोंडाशीच योखेम भिंतीसारखा उभा. साहेबांनी एक डोळा मिटला, टाचा उंचावल्या.

"वा! एकच! अगदी एकच! सुट्टी मंजूर!"

खूश होऊन ते बाकीच्यांची पाठ थोपटायला योखेमला वळसा घालून पुढे गेले. मैदानात दोन कबुतरं दाणे टिपत होती.

"रांग कुठाय?"

"कापणीला गेली, सरकार!" योखेममागून ट्रीना पुढे आली.

"माझ्या हुकमाआधीच?"

"हुकूम तोंडातून पडायच्या आत पाळायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना! आणि रांग ही काय, समोर उभी आहे. हिच्याहून सरळ रांग अख्ख्या प्रशियात दाखवा!"

साहेब लालबुंद झाले. कॅप्टनने डोळे गच्च मिटले. आणि साहेब असे खदाखदा हसले, की त्यांचा केसांचा टोप घसरून नाकावर आला!

"घेऊन जा, पोरी, तुझी ही सरळ रांग! कापणीच्या गाडीला माझा घोडा जुंप! आणि दरवर्षी कापणीची पहिली सुट्टी योखेमला!"

टोप सावरत ते पुढे म्हणाले, "पोरं परत येईतोवर कवायत हा कॅप्टन करेल. एकटा!"